६४१ कुठून आला?

वाचकांचे प्रश्न : अंकगणित

मागच्या अंकातल्या कोड्यात ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ की संयुक्त, असे विचारले होते. उत्तराच्या पानावर ‘संयुक्त, अवयव ६४१ आणि ६७,००,४१७’ एवढीच ओळ छापली होती. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न खाली दिले आहेत. छपाईच्या सोयीसाठी घात २^३२ असा लिहिला आहे. तो ‘२ चा ३२ वा घात’ असा वाचावा.

ही संख्या वाचायची कशी? आणि कोड्यासाठी नेमकी हीच का घेतली? (नववीतील विद्यार्थी, सांगली)

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. अब्ज म्हणजे शंभर कोटी.

ही संख्या २^३२ + १ आहे आणि ती ‘फर्मा संख्या’ या कुळातली आहे. या कुळात २ च्या घातात १ मिळवायचा असतो, आणि घातांकही २ चाच घात असावा लागतो: १, २, ४, ८, १६, ३२, ६४ असा. त्यातून ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि मग आपली संख्या मिळते. यांना अनुक्रमे फ०, फ१, फ२, फ३, फ४, फ५ म्हणू.

घातांक २ चाच घात का हवा, हे एका उदाहरणात दिसते. घातांक १२ घेतला तर त्यात ३ हा विषम अवयव आहे. २^१२ + १ म्हणजे १६ चा घन अधिक १, आणि घन अधिक १ ला १६ + १ ने नेहमीच भाग जातो: ४,०९७ = १७ × २४१. घातांकात १ पेक्षा मोठा विषम अवयव असला की संख्या अशी फुटते. म्हणून २ च्या घातात १ मिळवून विषम मूळ संख्या हवी असेल, तर याच कुळात शोधावे लागते.

फ० ते फ४ या पाचही संख्या मूळ आहेत. फ्रेंच गणिती पिएर द फर्मा याने १६४० मध्ये पत्रांतून असा समज मांडला की पुढच्याही सगळ्या मूळच असणार. सिद्धता आपल्याकडे नाही, हेही त्याने लिहिले होते. १७२९ मध्ये गणिती गोल्डबाख याने हा प्रश्न पत्राने गणिती लिओनार्ड ऑयलरसमोर ठेवला आणि १७३२ मध्ये ऑयलरने दाखवले की पुढची पहिलीच संख्या, फ५, मूळ नाही. पाच उदाहरणे जुळली म्हणून नियम सिद्ध होत नाही, हे वर्गात सांगायला याहून सोयीची संख्या आम्हाला माहीत नाही.

मी विभाज्यतेच्या कसोट्या लावल्या. ७, ११ आणि १३ ची एकत्र कसोटी लावताना उत्तर चुकते आहे. कुठे चुकत असेल? (शिक्षिका, सातारा)

बहुधा स्वल्पविरामांमुळे. ही कसोटी १,००१ = ७ × ११ × १३ यावर उभी आहे, म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि आळीपाळीने अधिक-उणे करायचे. आपण मात्र संख्या ४,२९,४९,६७,२९७ अशी लिहितो. त्यात पहिला गट तीन अंकांचा आणि पुढचे दोन-दोन अंकांचे. तेच गट घेतले तर कसोटीला अर्थच उरत नाही. आधी स्वल्पविराम काढून टाका आणि नव्याने गट पाडा: ४ | २९४ | ९६७ | २९७.

मग २९७ − ९६७ + २९४ − ४ = −३८०. आता ३८० ला ७ ने भागल्यास बाकी २, ११ ने भागल्यास ६, १३ ने भागल्यास ३. एकही बाकी शून्य नाही, म्हणजे तिघांपैकी कोणानेही भाग जात नाही.

बाकीच्या कसोट्या पटकन उरकतात. शेवटचा अंक ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ बाद. ५९ ची पुन्हा बेरीज १४ आणि तिची ५; हा ५ पडताळ्यासाठी लक्षात ठेवा. फ१ पासून पुढे फर्मा संख्यांची अशी एकअंकी बेरीज आळीपाळीने ५, ८, ५, ८ येते. २५७ ची ५, ६५,५३७ ची ८, आपल्या संख्येची ५. शिवाय फ२ पासून शेवटचे दोन अंक १७, ५७, ३७, ९७ या क्रमाने फिरत राहतात. संख्या उतरवून घेताना अंक चुकला असेल तर या दोन खुणा बहुतेक वेळा तो पकडून देतात. दोन अंकांची अदलाबदल झाली असेल तर मात्र बेरीज काही सांगत नाही.

६४१ हा अवयव सापडला कसा? एकेक मूळ संख्या घेऊन भागत बसायचे का? (निवृत्त अभियंता, नाशिक, याच आशयाची आणखी पत्रे)

भागत बसले तरी चालते, हे आधी सांगू. फ५ चे वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित वर आहे, म्हणून ती संयुक्त असेल तर ६५,५३६ च्या आत एक तरी मूळ अवयव मिळायलाच हवा. त्या मर्यादेत ६,५४२ मूळ संख्या आहेत. २ पासून मोजत गेले तर ६४१ ही ११६ वी मूळ संख्या. म्हणजे शंभरावर भागाकार. कंटाळवाणे, पण अशक्य नाही. आणि संख्या मूळ असती तर? मग साडेसहा हजार भागाकार करूनच ते कळले असते. खरी अडचण ही आहे.

ऑयलरची वाट वेगळी होती. कोणत्या संख्या अवयव असूच शकत नाहीत, ते त्याने आधी ठरवले.

समजा प ही मूळ संख्या फ५ ला भागते. मग २^३२ ला प ने भागल्यावर बाकी −१ उरते. म्हणजे रूढ पद्धतीने प − १. दोन्हीकडे वर्ग केला की २^६४ ची बाकी १. आता विचारा: २ चा असा सर्वांत लहान घात कोणता, ज्याची बाकी १ येते? तो घातांक ६४ चा विभाजक असायला हवा, म्हणजे १, २, ४, ८, १६, ३२ किंवा ६४. तो ३२ किंवा त्याहून लहान असता, तर २^३२ ची बाकीही १ आली असती. पण ती −१ आहे, आणि प विषम असल्याने १ व −१ एकच असू शकत नाहीत. म्हणून तो घातांक ६४ च.

इथे फर्माचाच छोटा सिद्धांत मदतीला येतो. प विषम मूळ संख्या असेल तर २^(प − १) ची बाकी १ असते. सर्वांत लहान घातांक ६४ असल्याने प − १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे. म्हणजे फ५ चा प्रत्येक मूळ अवयव ‘६४ ची पट अधिक १’ अशा रूपाचा असतो.

आता यादी करा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या मूळ संख्या पाचच: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. शंभरावर भागाकारांचे पाच झाले.

ते पाचही दहा अंकी संख्येवर करायची गरज नाही. बाकीचाच वर्ग करत जायचा. ६४१ साठी असे:

२^८ = २५६.
२^१६ म्हणजे २५६ चा वर्ग, ६५,५३६. त्यातून ६४१ × १०२ = ६५,३८२ वजा केले की बाकी १५४.
२^३२ म्हणजे १५४ चा वर्ग, २३,७१६. पण ६४१ × ३७ = २३,७१७, म्हणून बाकी −१.

२^३२ ची बाकी −१, म्हणून २^३२ + १ ची बाकी शून्य. झाले. भागाकार करून पाहायचा तर ६४१ × ६७,००,४१७ = ४,२९,४९,६७,२९७.

हीच रीत आधीच्या चौघांना लावली तर फ५ ची बाकी १९३ साठी १०९, २५७ साठी २, ४४९ साठी ३२५ आणि ५७७ साठी २८८ येते. या रीतीत हमखास होणारी चूक म्हणजे शेवटचा १ मिळवायला विसरणे. बाकी −१ आली की लोक ‘भाग जात नाही’ असे लिहून पुढे जातात. −१ हीच इथे आपल्याला हवी असलेली बाकी आहे.

पुढे १८७८ मध्ये फ्रेंच गणिती एदुआर ल्यूका याने ही चाळणी आणखी बारीक केली. प ला ८ ने भागून बाकी १ उरत असेल, तर ज्याच्या वर्गाची बाकी २ येते असा पूर्णांक असतोच. त्या पूर्णांकाला बाकी १ येण्यासाठी दुप्पट घातांक, म्हणजे १२८, लागतो. म्हणून प हा ‘१२८ ची पट अधिक १’. यादी आता १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ एवढीच, आणि तीत मूळ संख्या दोनच: २५७ आणि ६४१. त्यातही २५७ का बाद, ते पुढच्या उत्तरात येईल. म्हणजे पहिल्याच प्रयत्नात ६४१.

काही पुस्तकांत एक छोटी सिद्धता दिलेली असते. ६४१ = ५ × १२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६, म्हणजे ५^४ + २^४. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतो. मग −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ ची −१. सुबक आहे, पण ६४१ हातात असलेल्यालाच ती सुचते. ६४१ कुठून आला याचे उत्तर तिच्यात नाही, म्हणून वर्गात ती आधी सांगू नये असे आमचे मत आहे.

राहून राहून नवल याचे वाटते की छोटा सिद्धांत फर्मानेच १६४० मध्ये मांडला होता. चाळणी त्याच्या हाताशी होती.

फर्मा संख्यांचा एकमेकींशी काही संबंध असतो का? बुद्धिबळाच्या पटावरच्या दाण्यांशी ही संख्या जुळते असे वाचले. (वाचक, मडगाव)

हो. पहिल्या पाचांचा गुणाकार करून पाहा: ३ × ५ = १५, × १७ = २५५, × २५७ = ६५,५३५, × ६५,५३७ = ४,२९,४९,६७,२९५. आपल्या संख्येपेक्षा बरोबर २ ने कमी. हे प्रत्येक टप्प्यावर घडते: आधीच्या सर्व फर्मा संख्यांचा गुणाकार अधिक २ म्हणजे पुढची फर्मा संख्या.

म्हणून कोणत्याही दोन फर्मा संख्यांचा १ शिवाय सामाईक विभाजक नसतो. असला, तर त्याने २ लाही भाग गेला पाहिजे, आणि या सगळ्या विषम आहेत. फ३ म्हणजे २५७ ही स्वतःच फर्मा संख्या, त्यामुळे ती फ५ ला भागूच शकत नाही.

पटाचे गणितही याच गुणाकारातले. पहिल्या घरात १ दाणा, पुढे दुप्पट-दुप्पट, असे अर्ध्या पटाच्या ३२ घरांत २^३२ − १ दाणे होतात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५. फ५ त्याहून दोनने जास्त.

६७,००,४१७ हा दुसरा अवयव मूळच आहे, हे कशावरून? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, पुणे)

चाळणी इथेही चालते, कारण या संख्येचा कोणताही अवयव फ५ चाही अवयव असणार. ६७,००,४१७ चे वर्गमूळ २,५८८ आणि थोडे अधिक. १२८ ची पट अधिक १ अशा, २,५८८ च्या आतल्या मूळ संख्या पाच: २५७, ६४१, ७६९, १,१५३, १,४०९. २५७ बाद झालेलीच आहे. उरलेल्या चौघांनी भागा:

६४१ ने बाकी ४४, ७६९ ने १२०, १,१५३ ने ३३४, १,४०९ ने ६२२.

चार भागाकारांत सत्तर लाखांच्या जवळची संख्या मूळ ठरली. ६४१ ने पुन्हा भागायला विसरू नका. तो एकदा गेला म्हणून दुसऱ्यांदा जाणार नाही असे आपोआप ठरत नाही.

आमच्या मुलाने लिहिलेला प्रोग्राम ही संख्या मूळ असल्याचे सांगतो. कॅल्क्युलेटर आणि एक्सेलही कधी कधी भलतेच उत्तर देतात. असे का? (पालक, ठाणे)

तीन-चार वेगवेगळे दोष असू शकतात.

पहिला दोष चाचणीचा. बरेच छोटे प्रोग्राम छोटा सिद्धांत उलटा वापरतात: तपासायची संख्या न असेल, तर २^(न − १) ला न ने भागून बाकी १ आली की न मूळ. फ५ या चाचणीत उत्तीर्ण होते. २^३२ ची बाकी −१, म्हणून २^६४ ची १; आणि न − १ म्हणजे २^३२ ही ६४ ची पट आहे, तेव्हा त्या घाताचीही बाकी १ च. याहून कडक, पायरीपायरीने वर्ग पाहणारी चाचणीही पाया, म्हणजे जिचा घात काढायचा ती संख्या, २ असेल तर फसते, कारण वाटेत −१ भेटतोच. अशा तोतया मूळ संख्या इतरही आहेत, पण फर्मा संख्यांना पाया २ लावणे म्हणजे आरोपीच्या सख्ख्या भावाची साक्ष काढणे.

पाया ३ घ्यायचा. पेपँ या फ्रेंच गणितीने १८७७ मध्ये दिलेली चाचणी अशी: ३ ने सुरुवात करून वर्ग करायचा, न ने भागून बाकी ठेवायची, पुन्हा वर्ग, असे ३१ वेळा. शेवटी न − १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ उरले तर फ५ मूळ, एरवी संयुक्त. प्रत्यक्षात १,०३,२४,३०३ उरते. आणखी एकदा वर्ग केला तर बाकी ३,०२,९०,२६,१६० येते. मूळ असती तर १ आली असती. प्रोग्राम तपासायला हे दोन आकडे उपयोगी पडतील.

दुसरा दोष जागेचा. ३२ बिटांच्या बिनचिन्ही (ऋण संख्या न ठेवणाऱ्या) चौकटीत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. फ५ तिच्यापेक्षा दोनने मोठी, म्हणून चौकटीत ती गुंडाळली जाते आणि हाती १ उरतो. चूक झाल्याचा संदेशही बहुधा येत नाही. ६४ बिट घेतले तरी पेपँच्या चाचणीत बाकीचा वर्ग २^६४ पर्यंत जाऊ शकतो, आणि तो ६४ बिटांच्या कमाल मर्यादेपेक्षा बरोबर १ ने जास्त. पायथनमध्ये पूर्णांकांना अशी मर्यादा नाही. तिथे ‘पॉव’ या फंक्शनला तीन संख्या द्या: ३, २ चा ३१ वा घात, आणि फ५. पूर्ण घात काढून मग भागायला जाऊ नका. त्या घाताला शंभर कोटींच्या वर अंक आहेत.

तिसरा दोष टोपीच्या चिन्हाचा. आम्ही छपाईत जे ^ चिन्ह वापरले आहे, ते पायथन किंवा सी मध्ये घात दाखवत नाही. ते बिटांची वेगळीच क्रिया करते. तिथे २^३२+१ लिहिलेत तर उत्तर ३५ येते. पायथनमध्ये घातासाठी दोन तारे (**) लागतात.

कॅल्क्युलेटरचे म्हणाल तर आठ अंकी यंत्रात ही संख्या घालताच येत नाही, दहा अंकीत येते. मोठ्या संख्यांना मात्र धोका आहे. फ६, म्हणजे २^६४ + १, मध्ये वीस अंक आहेत. तिला दहा-बारा अंकी पडद्यावर ३ ने भागले तर अपूर्णांक दिसत नाही, आणि ‘भाग गेला’ असे वाटते. एक्सेल पंधरा सार्थ अंक ठेवते, पुढचे शून्य करते. मग टंकलेली फ६ सम आणि ५ ने विभाज्य दिसू लागते. अपूर्णांक न दिसणे हा भाग गेल्याचा पुरावा नव्हे. पूर्ण भागाकार पुन्हा गुणून, दिलेल्या संख्येतून वजा करून शून्य येते का ते पाहा.

या संख्येला कोणकोणत्या प्रकारांत बसवता येते? परिपूर्ण, त्रिकोणी वगैरे? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, लातूर)

विषम आहे, संयुक्त आहे, तिला दोनच मूळ अवयव आहेत आणि ते वेगळे आहेत, म्हणून १ सोडून कोणत्याही वर्गसंख्येने तिला भाग जात नाही. विभाजक चार: १, ६४१, ६७,००,४१७ आणि ती स्वतः. स्वतःला सोडून उरलेल्यांची बेरीज ६७,०१,०५९. ही बेरीज फ५ च्या जवळपासही नाही, म्हणून परिपूर्ण नाही. विभाजकांची बेरीज कमी पडणाऱ्यांत ती मोडते. तिच्यापर्यंतच्या, तिच्याशी सहमूळ असलेल्या (१ शिवाय सामाईक विभाजक नसलेल्या) संख्या ६४० × ६७,००,४१६ = ४,२८,८२,६६,२४०. त्रिकोणी, म्हणजे १ + २ + ३ + … अशा बेरजेतून मिळणारी, नाही: त्रिकोणी संख्येची आठपट करून १ मिळवला की पूर्ण वर्ग येतो, पण इथे शेवटचा अंक ७ येतो, आणि पूर्ण वर्गाचा शेवटचा अंक ७ कधीच नसतो.

खरी मजा मात्र दोन वर्गांच्या बेरजेत आहे. ती ६५,५३६² + १² आहे हे उघड. पण ती ६२,२६४² + २०,४४९² सुद्धा आहे. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता आलीच, तर ती एकाच प्रकारे येते. दोन प्रकार सापडले की ती संयुक्त ठरली. एवढेच नाही, त्या दोन मांडण्यांतून अवयवही काढता येतात. ही रीत ऑयलरचीच:

सम संख्यांची वजाबाकी आणि बेरीज: ६५,५३६ − ६२,२६४ = ३,२७२ आणि ६५,५३६ + ६२,२६४ = १,२७,८००.
विषम संख्यांची: २०,४४९ − १ = २०,४४८ आणि २०,४४९ + १ = २०,४५०.

दोन वजाबाक्यांचा मसावि काढा. २०,४४८ ला ३,२७२ ने भागून बाकी ८१६. ३,२७२ ला ८१६ ने भागून बाकी ८. ८१६ ला ८ ने पूर्ण भाग. मसावि ८. तसाच दोन बेरजांचा, १,२७,८०० आणि २०,४५० यांचा, मसावि ५०. दोन्ही मसावींचे निम्मे करा, ४ आणि २५. त्यांच्या वर्गांची बेरीज १६ + ६२५ = ६४१. दुसरा अवयव वजाबाक्यांना ८ ने भागून मिळतो: ४०९ आणि २,५५६; वर्गांची बेरीज १,६७,२८१ + ६५,३३,१३६ = ६७,००,४१७.

इथे चूक होते ती जोड्या लावताना. सम संख्या समबरोबर आणि विषम विषमबरोबरच घ्यायची. ६५,५३६ आणि २०,४४९ यांची वजाबाकी केलीत तर पुढचे काहीच जुळत नाही. दुसरी मांडणी शोधणे हे मुळात अवघड काम, तेव्हा अवयव शोधायची सोपी वाट म्हणून ही रीत सांगता येणार नाही.

एका पत्रात संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडून अवयव काढायचा प्रयत्न केला होता. ती रीत अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच झटपट चालते. इथे ६५,५३७ पासून सुरुवात करून ३३,५०,५२९ पर्यंत जावे लागेल, म्हणजे बत्तीस लाखांवर प्रयत्न.

फ५ इतक्या बाजूंचा सुसम बहुभुज कंपास आणि पट्टीने काढता येतो का? (चित्रकला शिक्षक, कोल्हापूर)

नाही. जर्मन गणिती गाउसने १७९६ मध्ये १७ बाजूंचा सुसम बहुभुज कंपास-पट्टीने काढता येतो हे दाखवले आणि १८०१ च्या ग्रंथात सर्वसाधारण नियम दिला. उलट बाजूची सिद्धता फ्रेंच गणिती वांट्झेल याने १८३७ मध्ये पुरी केली. बाजूंची संख्या विषम असेल तर ती वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असावी लागते. ६४१ तशी नाही. माहीत असलेल्या फर्मा मूळ संख्या पाचच, म्हणून असे विषम बहुभुज ३१ मिळतात, आणि त्यांतला सर्वांत मोठा ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा, म्हणजे फ५ पेक्षा दोन बाजू कमी. तो तत्त्वतः काढता येतो. कागदावर त्याचे वर्तुळच दिसेल. ६५,५३७ बाजूंच्या कृतीवर जर्मन गणिती योहान हेर्मेस याने दहा वर्षे घालवली. त्याचे हस्तलिखित जर्मनीतल्या ग्योटिंगेनला आहे.

पुढच्या फर्मा संख्यांचे काय? त्यांतली एखादी हाताने सोडवता येईल का? (वाचक, इंदूर)

फ५ ते फ३२ या सर्व संयुक्त असल्याचे सिद्ध झाले आहे. फ३३ चे अजून ठरलेले नाही. तिला अडीच अब्जांहून अधिक अंक आहेत. फ२० आणि फ२४ यांची गंमत अशी की त्या संयुक्त आहेत हे नक्की, पण एकीचाही एकसुद्धा अवयव कोणाला माहीत नाही.

हाताने करायची तर फ६ घ्या: २^६४ + १ = १८४४६७४४०७३७०९५५१६१७. तिचे अवयव फ्रेंच गणिती लांद्री याने १८८० मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी काढले. ल्यूकाच्या नियमाने तिचा मूळ अवयव २५६ ची पट अधिक १ असा असतो, आणि लहान अवयव १,०७१ व्या पटीला मिळतो: २५६ × १,०७१ + १ = २,७४,१७७. पडताळा दोन पायऱ्यांचा आहे. २^३२ म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ मधून २,७४,१७७ ची १५,६६५ पट वजा केली की बाकी −१५,४०९. तिचा वर्ग २३,७४,३७,२८१, आणि २,७४,१७७ × ८६६ = २३,७४,३७,२८२. बाकी पुन्हा −१.